रचणारा आणि उघडणारा

रचणारा : काका, ग्वाल्हेर जिल्ह्यातल्या डबरा-भितरवारकडच्या शेतपंपांसाठी आम्ही जी कंट्रोलरची पेटी करतोय, तिच्यात तीन सर्किट बोर्ड आहेत. तळाला वीजपुरवठा आणि रिले, मध्ये प्रोसेसर, वर डिस्प्ले, बटणं आणि मोबाइल नेटवर्कचा मोडेम. तिन्ही शेजारी-शेजारी ठेवले तर पेटी फूटभर लांब होते आणि बोर्डांना जोडायला वायरींचे जुडगे लागतात. वायर हाताने कापायची, हाताने क्रिम्प करायची, हाताने खोचायची. छोट्या यंत्रांत पहिला दोष तिथेच निघतो. बोर्ड एकावर एक रचले की वायर जाते, तिच्या जागी पिनांचा एक कनेक्टर येतो, चार कोपऱ्यांत चार पितळी स्पेसर येतात आणि तीन बोर्डांचा एक घट्ट ठोकळा तयार होतो. ही काही आजची टूम नाही. १९९२ मध्ये पीसी/१०४ हे मानक आलं. ९० बाय ९६ मिमीचा बोर्ड, दोन बोर्डांत १५.२४ मिमी अंतर, पिना एका बोर्डातून आरपार जाऊन पुढच्यात बसणाऱ्या. तीस वर्षांहून जास्त काळ कारखान्यांत आणि वाहनांत ही रचना चालते आहे. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ हा उपग्रह केला, तो २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला. दहा सेंटिमीटरचा घन, वजन किलोच्या आत. एवढ्याशा घनात सर्किट बसवायचं तर बोर्डांवर बोर्ड रचणं हीच जगभरची रूढ वाट आहे, आणि तो ठोकळा रॉकेटचे हादरे सोसतो. मग पंपाच्या खोलीत का टिकणार नाही?

उघडणारा : टिकेल की नाही हा दुसरा प्रश्न. माझा पहिला प्रश्न, उघडेल का? उपग्रह एकदा गेला की त्याला कोणी स्क्रू-ड्रायव्हर लावत नाही. तिथे ठोकळा घट्ट असणं हा निव्वळ गुण आहे. तुझी पेटी मात्र दोन पावसाळ्यांत एकदा तरी माझ्या टेबलावर येणार. वीज येते-जाते, व्होल्टेज उसळतं, रिलेचे काँटॅक्ट जळतात आणि तो रिले तू सगळ्यात खाली ठेवला आहेस. म्हणजे जो भाग सर्वांत आधी मरणार, त्याच्यापर्यंत जायला मला दोन धडधाकट बोर्ड उचकटावे लागणार. चाळीस पिनांचा कनेक्टर सरळ वर येत नाही. एका टोकाकडून उचलला की दुसऱ्या टोकाच्या पिना वाकतात. मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांना विचार. २०१७ च्या आयफोन टेनमध्ये ॲपलने दोन बोर्ड एकमेकांवर सोल्डरने जोडले. आत काही बघायचं तर आधी हीटरवर तापवून दोन थर वेगळे करायचे आणि काम झालं की पुन्हा जुळवायचे. ज्याला ते जमतं त्याला गिऱ्हाईक पैसे देतं. शेतकरी पंपाच्या कंट्रोलरसाठी तेवढे देणार नाही, तो नवी पेटी घेईल. आणि पीसी/१०४ चं म्हणशील तर ते टिकलं त्याचं कारण रचणं नव्हे. भोकं कुठे, कनेक्टर कुठे, उंची किती, हे सगळं एका कागदावर ठरलं आणि सर्वांनी पाळलं म्हणून ते टिकलं. तुझे बोर्ड तीन ठिकाणांहून येतात. मोडेमचा विकतचा, डिस्प्लेचा दुसऱ्याचा, खालचे दोन तुझे. त्यांचा एक कागद कुठे आहे?

रचणारा : तो कागद आम्ही करतोय आणि तो फार अवघड नाही. रास्पबेरी पायवर बसणाऱ्या बोर्डांची मापं २०१४ मध्ये अशीच ठरली : चार भोकं, चाळीस पिना, ठरलेला आकार. आमच्या तिन्ही बोर्डांची भोकं एकाच चौकटीत येतात. मोडेमचा बोर्ड बसत नव्हता, म्हणून तो वरच्या बोर्डावर वेगळा सोल्डर केला. भोकं जुळली, पिना जुळल्या, मग राहतं काय?

उघडणारा : उंची राहते, आणि पुष्कळ बोर्ड तिथेच मरतात. बाजारातला नेहमीचा मादी कनेक्टर ८.५ मिमी उंच. नर पिनांखालचं प्लॅस्टिक अडीच मिमी. दोन्ही पूर्ण बसले की दोन बोर्डांत ११ मिमी अंतर पडतं. आता दुकानात स्पेसर मागितला की हातात १० चा पडतो किंवा १२ चा. १२ चा लावला तर पिना एक मिमी कमी आत जातात. काम चालतं, पण हादऱ्याने कधी सुटेल सांगता येत नाही. १० चा लावला तर कनेक्टर आधी टेकतो आणि मग चार स्क्रू कोपरे एक मिमी खाली ओढतात. बोर्ड वाकतो. डोळ्यांना दिसत नाही. त्यावरचे चिनीमातीचे कपॅसिटर, ते तिळाएवढे तपकिरी ठोकळे, त्यांना मात्र कळतं. त्यांच्या वाकण्याच्या चाचणीत बोर्ड ९० मिमी अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवून साधारण २ मिमी वाकवतात. अंतर निम्मं झालं की तेवढ्याच वाकण्याने ताण चौपट होतो. तुझ्या बोर्डावर टेकूंमधलं अंतर ४५ मिमी निघालं तर १ मिमीचं वाकणं म्हणजे चाचणीतल्या हिशेबाने ४ मिमी, मर्यादेच्या दुप्पट. कपॅसिटरला आतून तडा जातो. त्या दिवशी यंत्र चालतं. पहिल्या दमट आठवड्यात तड्यातून वीज झिरपू लागते, कपॅसिटर शॉर्ट होतो, आणि बोर्ड जळाला की सगळे व्होल्टेजला दोष देतात.

रचणारा : हे मान्य. ११ चे स्पेसर मागवू, स्क्रूजवळ आणि कडेला कपॅसिटर ठेवणार नाही आणि स्क्रू आधी चारही हाताने लावून मग तिरके-तिरके आवळायला सांगू. पण तुमच्या या बोलण्यातून एवढंच निघतं की रचना नीट करा. रचूच नका, असं निघत नाही.

उघडणारा : थांब, अजून पेटीकडे आलोच नाही. तुझी पेटी एबीएस प्लॅस्टिकची. तळातून चार खुंट वर आलेत, त्यांत पितळी नट, त्यांवर खालचा बोर्ड. चौरंगाला चार पाय असतात म्हणून तो उंचसखल फरशीवर डुगडुगतो, तिवई डुगडुगत नाही. बोर्ड डुगडुगत नाही, कारण तू त्याला चार स्क्रूंनी जबरदस्तीने फरशीला टेकवतोस. चौथा कोपरा जेवढा वर होता तेवढा पीळ बोर्डात कायमचा बसतो. हे झालं उंचीचं. आता आडवं बघ. जानेवारीत आपल्याकडे पारा ५ च्या खाली जातो, मे-जूनमध्ये ४५ च्या वर. पेटी २० अंशांत जोडली आणि जूनच्या दुपारी आत ६५ झाले, तर ४५ अंशांचा फरक. एबीएस अंशाला मीटरमागे साधारण ८० मायक्रॉन वाढतं, बोर्डाचं काच-इपॉक्सी १५. दोन स्क्रूंमध्ये १०० मिमी असतील तर पेटी ०.३६ मिमी वाढली, बोर्ड ०.०७. फरक पडला ०.२९ चा. तीन मिमीच्या स्क्रूला तू ३.२ चं भोक दिलंस, म्हणजे दोन्ही टोकांना मिळून मोकळीक ०.२. उरलेलं कोण सोसणार? खुंट वाकेल नाही तर बोर्ड ताणला जाईल. आणि रोज. दुपारी ताणला, रात्री सुटला.

रचणारा : काका, इथे तुमच्याच हिशेबातून माझ्या बाजूचं काहीतरी निघतं. तीनही बोर्ड एकाच काच-इपॉक्सीचे आहेत. खालचा वरच्यापेक्षा दहा अंशांनी गरम असला, तरी १०० मिमीत फरक दीड शतांश मिमी. म्हणजे बोर्डांचं आपसात भांडण नाही. भांडण आहे ते पेटीशी. मग पेटीशी नातं फक्त तळच्या बोर्डाचं ठेवायचं. वरचे दोन बोर्ड तळच्यावर उभे राहतील, पेटीच्या भिंतींना आणि झाकणाला शिवणारही नाहीत. शेजारी-शेजारी मांडले असते तर तीन बोर्डांची पेटीशी तीन भांडणं झाली असती, बारा स्क्रूंवर. रचल्याने ते एका ठिकाणी आलं. आणि ते मिटवायची पद्धत ठाऊक आहे : एक भोक स्क्रूच्या मापाचं, ते जागा ठरवतं. त्याच्या समोरचं भोक पहिल्याच्या दिशेने लांबट, ते फक्त फिरणं थांबवतं. उरलेली दोन भोकं मोठी, ती नुसता आधार देतात. बोर्डाच्या कडेवरून जागा ठरवायची नाही, कारण कड कापताना एक-दोन दशांश मिमी इकडेतिकडे होते, भोकं मात्र एकाच बैठकीत पाडलेली असतात, एकमेकांच्या मापात असतात.

उघडणारा : लांबट भोक चांगलं, पण जोडताना. एकदा स्क्रू आवळला की बोर्ड घर्षणाने धरला जातो. भोक गोल की लांबट, याचा त्याला काही फरक पडत नाही, तो घसरत नाही. घसरू द्यायचा तर खांदा असलेला स्क्रू लागतो, जो ठरावीक खोलीवर थांबतो आणि बोर्डाला चिमटत नाही. तो स्क्रू महाग, आणि चिमटला नाही म्हणजे पंपाच्या हादऱ्याने बोर्ड खडखडणार. तू एका हाताने मोकळीक देतोस आणि दुसऱ्या हाताने काढून घेतोस.

रचणारा : म्हणूनच मोकळीक भोकात न देता खुंटात द्यावी, असं मला आता वाटू लागलं आहे. उंच, सडपातळ खुंट टोकाशी एखादा दशांश मिमी वाकतो आणि परत येतो. आपण काय करतो? साचा करताना प्रत्येक खुंटाला चारही बाजूंनी आधाराच्या फासळ्या देतो, म्हणजे तो मजबूत दिसतो. जागा ठरवणाऱ्या एकाच खुंटाला फासळ्या ठेवायच्या. समोरच्याला एकाच दिशेने ताठ ठेवायचं. उरलेले दोन सडपातळ. स्क्रू चारही घट्ट, बोर्ड खडखडणार नाही, आणि जूनमध्ये वाकायचंय ते प्लॅस्टिक वाकेल, बोर्ड नाही.

उघडणारा : हे मला पटतं. साच्यात काही फासळ्या कमी करायच्या, खर्च नाही. पण यात मेख आहे. तुझ्या तिन्ही बोर्डांचं वजन आता त्याच सडपातळ खुंटांवर आलं, आणि वरचा बोर्ड तळापासून पाव वितीएवढा उंच. खालून हादरा आला की सगळ्यात जास्त हलणार तो वरचा. डिस्प्ले त्याच्यावर, मोडेमही त्याच्यावर, आणि तू म्हणतोस की झाकणाला शिवू द्यायचा नाही. शिवू दिला तर पेटीशी दुसरं नातं जुळलं, तुझा सिद्धान्त मोडला. नाही शिवू दिला तर मोडेमची अँटेना हलते, तिचा कनेक्टर ढिला होतो. आणि बटणांचं काय? वरच्या बोर्डाची उंची कशी ठरते मोज. बोर्डाची जाडी १.६, त्यात दहा टक्के इकडेतिकडे, म्हणजे ०.१६. असे तीन बोर्ड. दोन स्पेसर, खुंट, प्रत्येकी ०.१ धर. सगळं एकाच दिशेने चुकलं तर पाऊण मिमीच्या वर फरक. सहसा एवढं होत नाही, पण एक तृतीयांश मिमीपर्यंतचा फरक काही पेट्यांत येणारच. छोट्या बटणाची चाल असते पाव मिमी. एका पेटीत झाकण लावताच बटण दाबलेलं राहील आणि पंप थांबणार नाही. दुसऱ्या पेटीत शेतकरी अंगठा दुखेपर्यंत दाबेल आणि काही होणार नाही. शेजारी-शेजारी मांडलेल्या बोर्डांत हा प्रश्न एका बोर्डाच्या जाडीपुरता असतो. रचलंस की तो गोळा होत जातो.

रचणारा : बटणाला रबराची गादी द्यायची, किंवा झाकणातच लवचिक पट्टी ओतायची. मग अर्ध्या मिमीचा फरकही तिथे जिरतो. मघाचाच नियम मी इथे लावतोय : जागा एकानेच ठरवायची, बाकीच्यांनी लवायचं. आणि दोन बोर्डांत दोन कनेक्टर द्यायचे नाहीत. दोन दिले की दोघांनाही जागा ठरवायची असते, तीच भोकांनाही ठरवायची असते. द्यायचेच तर एक असा, ज्याच्या आतल्या पिना स्प्रिंगवर अर्धा मिमी सरकतात.

उघडणारा : सरकणारा कनेक्टर बाहेरून येतो. तो उद्या मिळाला नाही तर मी त्याच्या जागी काय लावू? बघ, तुझी प्रत्येक युक्ती जोडणीच्या टेबलावर खरी आहे. मला दुरुस्तीच्या टेबलावर ती विकत मिळायला हवी. मी काय म्हणतो, डिस्प्ले आणि बटणं झाकणालाच लाव. झाकणाशी त्यांचं माप तिथल्या तिथे जुळेल, सगळा साठत जाणारा हिशेब संपेल. खाली जायला एक चपटी लवचिक केबल. ती कशालाच जागेवर धरत नाही, म्हणून तिचं कोणाशी भांडण नाही.

रचणारा : आणि झाकण उघडणारा पहिला माणूस ते झटक्यात ओढून केबल फाडेल. केबल लांब ठेवली तर झाकण लावताना दोन बोर्डांत चिमटेल. चपट्या केबलच्या सॉकेटची ती नाजूक खिटी किती वेळा उघडमीट सोसते, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पुन्हा वायरच आली, जिच्यापासून पळायला मी रचायला लागलो.

उघडणारा : झाकण बिजागरीवर ठेव, बिजागरीच्या बाजूने केबल ने. फाटणार नाही. रेल्वेच्या आणि कारखान्यांच्या कंट्रोल पॅनेलमध्ये बघितलंयस ना, १०० बाय १६० मिमीची कार्डं खाचांमधून सरकवतात, मागे एक मोठा बोर्ड सगळ्यांना जोडतो. कुठलंही कार्ड दुसऱ्याला हात न लावता बाहेर निघतं. कितीतरी वर्षं ती पद्धत चालली, कारण ती करणाऱ्यांनी उघडणाऱ्याचा विचार आधी केला होता.

रचणारा : आणि त्या रॅकची किंमत माझ्या सगळ्या पेटीहून जास्त. शेतकऱ्याच्या दारात तो परवडत नाही. उघडणाऱ्याचा विचार करायचा म्हणून पेटी एवढी महाग केली की ती कोणी विकतच घेतली नाही, तर उघडायला उरणार काय? मी एक करू शकतो. क्रम उलटा. रिले आणि वीजपुरवठा मध्ये, डिस्प्लेच्या लगेच खाली, आणि प्रोसेसर तळाला. मरणारा भाग एकच बोर्ड उचलला की हाताला लागेल. प्रत्येक बोर्डावर पांढऱ्या शाईत छापायचं : आधी कुठला स्क्रू, मग कनेक्टर कुठून उचलायचा, स्पेसर किती मिमीचा.

उघडणारा : स्पेसरचं माप बोर्डावर छापलंस तर निम्मे तडे तिथेच थांबतील. हे कर, बाकी काही करो न करो. पण क्रम उलटा केलास की नवा प्रश्न उठतो आणि तो मला सगळ्यात मोठा वाटतो. उष्णता. पेटी तू धुळीसाठी, मुंग्यांसाठी, पालींसाठी पूर्ण बंद ठेवणार. ठेवायलाच हवी, आपल्याकडच्या लूच्या गरम वाऱ्यात उघडी पेटी महिनाभरात मातीने भरते. बाहेर ४५, आत वीस जास्त, ६५. फुगणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दहा अंश कमी झाले की दुप्पट, वाढले की निम्मं. १०५ अंशांना २००० तास लिहिलेला कपॅसिटर ६५ ला ३२,००० तास टिकेल, साडेतीन वर्षं. ८५ अंशांचा स्वस्त घेतलास तर ८,००० तास, वर्षदेखील नाही. आता तो कपॅसिटर असलेला वीजपुरवठ्याचा बोर्ड दोन बोर्डांच्या मध्ये, ११ मिमीच्या फटीत ठेव. हवा हलत नाही, आणखी दहा अंश धर. साडेतीनाचं पावणेदोन झालं, वर्षाचं साडेपाच महिने. सगळे दिवस जूनचे नसतात, खरं आहे. पण मधला बोर्ड बारा महिने मधलाच असतो. शेजारी-शेजारी मांडलेल्यांत कोणीच मधला नसतो.

रचणारा : पेटी भिंतीवर उभी लागते, म्हणजे बोर्डही उभे. फट वर-खाली मोकळी ठेवली तर गरम हवा त्यातून चढते आणि भिंतीकडून थंड होऊन उतरते. फट ११ ऐवजी १५ ची ठेवू, उंच कनेक्टर घेऊ, पीसी/१०४ मध्ये आहे तेवढी. मागची बाजू ॲल्युमिनियमची केली तर उष्णताही जाईल आणि प्रसरणाचं भांडणही जवळपास संपेल. ॲल्युमिनियम २३ वाढतं, बोर्ड १५, तुमच्या त्याच ४५ अंशांना १०० मिमीत फरक ०.०४ सुद्धा नाही. मग सडपातळ खुंटांची गरजच नाही.

उघडणारा : आणि मोडेमची अँटेना धातूसमोर ठेवशील.

रचणारा : मागची बाजू तेवढी धातूची. पुढे प्लॅस्टिक.

उघडणारा : म्हणजे पेटीची दोन अर्धी दोन वेगळ्या मापांनी वाढणार आणि मधलं रबरी सील रोज घासणार. सुटेल तो प्रश्नही, मला माहीत आहे तू सोडवशील. माझं म्हणणं आता एवढंच उरलं आहे. रचणं चूक नाही, हे मी मान्य करतो. जागा एकाने ठरवायची, लवणारा कोण ते आधी ठरवायचं, हेही मान्य. पण लवणारा म्हणून तू कधी खुंट निवडतोस, कधी रबर, कधी महागडा कनेक्टर, आणि जिथे काहीच सुचत नाही तिथे लवतो तो दुरुस्तीवाला. मधल्या बोर्डाला कोण लवतंय ते तू अजून सांगितलेलं नाहीस.

रचणारा : नाही सांगितलं. मधला बोर्ड काढून दोनच मजले ठेवले तर पेटी चार सेंटिमीटरने जास्त रुंद होते. मीटरच्या फळीवर ती बसते का, मोजावं लागेल. आणि बसली तरी प्रोसेसर रिलेच्या शेजारी येतो, तिथे वेगळा त्रास. तोपर्यंत पहिल्या पेट्या तीन मजल्यांच्याच जातील, १५ च्या फटीने, १०५ अंशांच्या कपॅसिटरने.

उघडणारा : त्यातली एक पेटी मला दे. मी ती मे महिन्यात भितरवारला पंपाच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीवर लावीन, मधल्या बोर्डावर तापमापक चिकटवून. जानेवारीत टेबलावर चाललेली पेटी मी पास धरत नाही.